व्हिपटेलची अंडी काढून वेगळी उबवू की नरापाशीच राहू देऊ?

तुमच्या 'रेड लिझार्ड' व्हिपटेलने (चाबकासारख्या बारीक शेपटीचा कॅटफिश) नळीत हिरवट अंडी घातली आहेत, नर चार दिवस आत बसून आहे आणि काही खात नाही. तो अंडीच खाईल म्हणून ती काढून मिथिलीन ब्लूच्या, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या, डब्यात टाकावीत का, आणि हा मासा नक्की कोणता, असं तुम्ही विचारलंय.

नका काढू. नळीला हातसुद्धा लावू नका.

एवढं ठामपणे सांगतेय, कारण मी काढली होती. मासे पाळायला मला माझ्या मोठ्या भावाने शिकवलं. माझ्या जोडीने पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा दादा म्हणाला, "बाप उपाशी आहे, उद्यापर्यंत फस्त करेल. काढ ती." मी प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने अंडी खरवडली. शंभरेक होती. डब्यात निळं पाणी, खाली एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), अगदी दादा सांगेल तसं. तिसऱ्या दिवशी पांढरी पडायला लागली, मी ड्रॉपरने एकेक वेचत बसले. तरी निम्म्याहून जास्त तगली. आत डोळे दिसायला लागले, मग गुंडाळलेली शेपटी.

दहाव्या दिवशी काही पिल्लं बाहेर आली. बाकीची आली नाहीत. भिंगातून बघितलं तर ती जिवंत होती, पापुद्र्याच्या आत वळवळत होती, पण पापुद्रा फाटत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती सगळी पांढरी. जी बाहेर आली, ती लख्ख रिकाम्या डब्यात दोन आठवडे जगली आणि पोटं आत जाऊन मेली. दादाचं निदान: "जोडीच कमजोर."

जोडी कमजोर नव्हती. दोन महिन्यांनी त्याच जोडीने पुन्हा अंडी घातली आणि या वेळी मी दादाचं ऐकलं नाही. रात्री मंद टॉर्च लावून बघायची. नर अंड्यांवर आडवा पडून छातीच्या परांनी सतत पाणी ढकलत असे. मधूनमधून तोंड एकेका अंड्यावरून फिरवी, खराब झालेलं उचलून टाकी. पिल्लं निघायच्या दिवशी मात्र तो अंड्यांवर तोंड घासत होता, आणि तोंड फिरलं की पापुद्र्यातून पिल्लू सुटून बाहेर पडत होतं. हे काम एअर स्टोन करत नाही. तुमचा नर खात नाही म्हणजे आजारी नाही, तो कामावर आहे.

पिल्लं बाहेर आली की बापाचं काम संपतं आणि तुमचं सुरू होतं. दोन-तीन दिवस ती पोटातल्या बलकावर निघतात, मग त्यांना दिवसभर चरायला लागतं. दिवसातून दोनदा चिमूटभर पूड टाकून ती जगत नाहीत, माझी पहिली पिल्लं त्यानेच गेली. स्वच्छ पाणी आणि रिकामी टाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दादाशी माझं भांडण नेमकं याच मुद्द्यावर आहे. कित्येक महिने चाललेला स्पंज फिल्टर, शेवाळ धरलेलं लाकूड, बदामाची वाळलेली पानं हे सगळं आत हवं. उकळत्या पाण्यातून काढलेली काकडी किंवा पालक सतत असू द्या, शिळी झाली की बदला. सोबत आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाची, नुकती निघालेली पिल्लं. एवढं खाणं घातलं की पाणी खराब होणारच, म्हणून जवळपास रोज थोडं बदला.

ओळखीबद्दल: व्हिपटेल नळीत अंडी घालून नर राखण बसतो, म्हणजे रिनेलोरिकारिया या गटातला. याच कुळातले स्टुरिसोमा आणि फार्लोवेला उघड्यावर, बहुतेक काचेवरच घालतात. लोरिकारिया आणि लोरिकारिइक्थिसचे नर तर अंड्यांचा गुच्छ ओठाला धरून फिरतात. गालांवर आणि छातीच्या परांवर काटेरी ब्रशसारखे केस असलेला तो नर. 'रेड लिझार्ड'ला एल०१०ए हा नंबर आहे (शास्त्रीय नाव नक्की नसलेल्या अशा कॅटफिशना हौशी लोक 'एल' नंबरने ओळखतात) आणि तो संकरातून आलेला मानतात, म्हणून रिनेलोरिकारियाच्या पुढे जातीचं नाव लावायच्या फंदात पडू नका. रिनेलोरिकारियात 60 हून जास्त जाती आहेत आणि कुठल्या नदीतून पकडला ते माहीत नसेल तर तपकिरी मासाही नावानिशी ओळखणं कठीणच. दोन जाती एका टाकीत मात्र ठेवू नका, संकर होतो.

आता अपवाद. पहिलटकर नर कधीकधी खरंच अंडी खातो. खाऊ द्या, पुढच्या खेपेला शिकतो. नर पूर्ण दिवसभर नळी सोडून गेला, किंवा टाकीत अंडी लुटणारे दुसरे मासे असतील, तरच नळी अख्खी, पाण्याखालीच, वेगळ्या टाकीत न्या आणि तोंडाशी हलका प्रवाह सोडा. पिल्लं आपण होऊन बाहेर काढायला निघाला असाल तर तेही नको.

पिल्लं काचेला चिकटली की बाहेरून त्यांचं पोट दिसतं. ते गोल आणि भरलेलं हवं. चपटं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री खाणं वाढवा. त्या वेळी आमच्या काचेवर 60 पोटं गोल होती. मी दादाला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "या वेळी जोडी तगडी निघाली."