माझ्या पिटेनपोलच्या (घरी बांधायचं छोटं लाकडी विमान) प्लायला भोक पडलंय, स्पारमधलं (पंखाचा मुख्य लांब दांडा) बोल्टचं भोकही लांबट झालंय. इपॉक्सीत भुसा कालवून भरू का?

भुसा-इपॉक्सी दोन्हीकडे नको. ती लांबी (पुट्टी) झाली, दाराच्या चौकटीला ठीक. पंखात जोर पेलतात ते लाकडाचे तंतू, आणि लांबीत ते नसतात.

प्लायचं काम सोपं आहे. तुमचं प्लाय २ मिमी आणि भोक नाण्याएवढं. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची, एफएएची, एसी ४३.१३-१बी ही पुस्तिका सांगते की प्लाय अडीच मिमीच्या आत असेल आणि साफ केलेलं भोक जाडीच्या १५ पटींत बसत असेल, तर कडा जाडीच्या ५ पट उताराने तासून ठिगळ लावता येतं. म्हणजे भोक ३० मिमीपर्यंत चालेल, उतार चहूबाजूंनी १० मिमी. भोक गोल करून घ्या. ठिगळाचे तंतू मूळ प्लायच्याच दिशेने ठेवा. वर मेणकागद, त्यावर जाड प्लायचा तुकडा आणि वजन. आतून वार्निश विसरू नका, ओल तिथूनच शिरते.

स्पारचं मात्र अवघड आहे. भोक लांबट झालं की तेवढा भाग कापून नवं लाकूड सांधायचं, नाहीतर अख्खा स्पार बदलायचा. १२ पट उताराने सांधलं तर १९ मिमी जाडीला सांधाच २२८ मिमी लांब होतो, आणि तो फिटिंगखाली (बोल्टने बसवलेल्या धातूच्या जोडपट्टीखाली) येता कामा नये. तुमचं भोक स्ट्रटच्या (पंखाला टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) फिटिंगचंच आहे. कापड अजून चढलेलं नाही, रिब्स (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) चिकटवलेल्या नाहीत, सरकवून निघतील. मी तरी नवा स्पारच करेन. (बायकोला किंमत सांगायची की नाही, हे तुमचं तुम्ही बघा.)

सांधायचंच ठरवलंत, तर स्प्रूसवर (स्पारचं मऊ लाकूड) शेवटचा हात धारदार रंध्याचा. पॉलिश पेपरची धूळ लाकडाच्या छिद्रांत बसते आणि पकड जाते. टी-८८ हा इपॉक्सी गोंद असेल तर क्लॅम्प हलकेच आवळा, जास्त आवळलं की गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. त्याच घोळातून दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवा आणि सुकल्यावर तोडून बघा. लाकूड फाटलं पाहिजे. गोंदाच्या रेषेवर सुटलं, तर तो सांधा बाद.

नवी फळी घेताना टॉर्च अगदी आडवा धरून तिच्यावरून फिरवा. तंतूंना आडवी, सुरकुतीसारखी बारीक रेघ दिसली तर ते लाकूड दाबाखाली आधीच मोडलेलं आहे. तिथे कुठलंच ठिगळ चालत नाही, दुसरी फळी मागा.