नाही म्हणता आलं असतं का?

गुरुपौर्णिमा जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मठ, आश्रम, बैठका, महाराज यांचे उल्लेख वाढतात. काही पत्रं कृतज्ञतेची असतात. काही मात्र घरचे सगळे झोपल्यावर लिहिल्यासारखी वाटतात. या वेळी त्यांतल्याच काहींना उत्तरं देते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, मी छत्तीस वर्षांची आहे. लग्न मोडल्यावर एका महाराजांच्या मठात सेवेला जाऊ लागले. सुरुवातीला ते मुलीसारखं वागवायचे. वर्षभराने पाद्यपूजेचं ताट माझ्याकडे आलं, मग रात्री पाय दाबायची सेवा. एकदा त्यांनी जवळ ओढलं आणि म्हणाले, 'आपलं नातं गेल्या जन्मीचं आहे, तुझे भोग माझ्याकडूनच फिटायचेत.' मी नाही म्हटलं नाही. दीड वर्ष म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, इतक्या जणींतून आपल्याला निवडलं याचा आनंदही झाला होता. आता मठ सोडलाय. बहीण म्हणते, तू सज्ञान होतीस, तुझी संमती होती. खरंच होती का?

माझ्या मते नव्हती. का, ते सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न तुम्ही स्वतःलाही रोज विचारत असणार.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती 'मुलीसारखं' आणि 'पाय दाबायची सेवा' यांच्या मधल्या वर्षापाशी. त्या वर्षात काय झालं असेल? आधी दर्शनाच्या रांगेतून पुढे बोलावलं. मग नावाने हाक मारली. मग प्रसादाचं, मग पूजेचं ताट. प्रत्येक पायरी लहान होती आणि प्रत्येक पायरीवर मठातल्या बाकीच्या बायका 'किती भाग्याची तू' म्हणाल्या असतील. शेवटची पायरी आली तोवर तुम्ही इतक्यांदा 'हो' म्हणून बसला होतात, की एक 'नाही' म्हणायचं तर मागची सगळी सेवा खोटी ठरली असती. माणसाचं मन स्वतःलाच असं खोटं पाडायला सहजी तयार होत नाही.

आता त्या नकाराची किंमत बघा. राहतं ठिकाण, रोजच्या मैत्रिणी, घटस्फोटानंतर मान मिळालेली एकमेव जागा, शिवाय पुढच्या जन्माची भीती. हे सगळं एका शब्दावर जाणार होतं. त्याहून मोठी अडचण अशी, की ज्याला नकार द्यायचा, त्या नकाराचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्याच्याकडेच होता. तुमच्या 'नाही'ला तिथे अहंकार म्हणत. संकोच वाटला तर साधना कच्ची. रडू आलं तर मळ बाहेर पडतोय. जिथे 'नाही' या शब्दाला 'नाही' असा अर्थच शिल्लक ठेवलेला नसतो, तिथल्या 'हो'ला मी संमती म्हणू शकत नाही.

हरियाणातल्या सिरसाच्या डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीम याला ऑगस्ट २०१७मध्ये दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यातल्या जबाबांतून पुढे आलेला एक शब्द मला विसरता येत नाही. त्याच्या खोलीतून आलेल्या मुलीला बाकीच्या विचारायच्या, 'पिताजींची माफी मिळाली का?' अत्याचाराला तिथे 'माफी' म्हणत होते. जिच्यावर अत्याचार झाला, तिच्याजवळ तो सांगायला शब्दसुद्धा उरू नये, अशी ती व्यवस्था होती. तुमच्या मठात या गोष्टीला कोणता शब्द होता, ते एकदा कागदावर लिहून काढा. मग त्याच्यासमोर साधा मराठी शब्द लिहा. माझ्यासमोर बसून हे करताना हात थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तो साधा शब्द लिहून झाल्यावर त्यांचा श्वास मोकळा झालेलाही पाहिला आहे.

आता कायदा. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. भीतीने शरीर गोठतं, त्याला होकार म्हणत नाहीत. अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने तिचा गैरवापर करून आपल्या ताब्यातल्या, देखरेखीखालच्या किंवा त्या आवारातल्या स्त्रीला संबंधांसाठी वश केलं, तर तो बलात्काराच्या व्याख्येत बसला नाही तरी स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ खाली त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे. १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुन्या दंडसंहितेचं ३७६-सी लागतं. आणि 'गेल्या जन्मीचं नातं'? महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ही थाप जवळपास शब्दशः आहे. गतजन्मी तू माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर तो आला. तुमच्यासारख्या किती जणींचं ऐकल्यावर ते कलम लिहावं लागलं असेल, याचा विचार करा. तुम्ही एकट्या नाही.

तक्रार करायची की नाही, हे तुम्ही ठरवा, तुमच्या सवडीने. मात्र मेसेज, फोटो, तारखा आज जपून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मठाच्याच गावी जायला नको.

राहिला तो आनंद. तुम्ही एकट्या पडला होतात आणि कुणीतरी तुम्हाला निवडलं. आनंद होणारच. त्याला ते ठाऊक होतं.

प्रश्न : माझी चोवीस वर्षांची बहीण एमएस्सी झालेली आहे. नोकरी सोडून आश्रमात राहायला गेली. आम्ही तिला त्या बाबांबद्दलच्या बातम्या, व्हिडिओ पाठवले. तिने आम्हाला ब्लॉक केलं. आई जेवत नाही. काय करू?

आधी ते व्हिडिओ पाठवणं थांबवा. तुमचा हेतू चांगला आहे, परिणाम उलटा होतो. १९५४ साली अमेरिकेत शिकागोजवळ एक गट होता. २१ डिसेंबरला महापूर येणार आणि परग्रहावरचे लोक उडत्या तबकडीतून येऊन आपल्याला वाचवणार, अशी त्यांची श्रद्धा होती. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाचे सहकारी त्या गटात मिसळून बसले होते. पूर आला नाही. ज्यांनी नोकरी, घरदार सोडलं होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची श्रद्धा मात्र त्या रात्रीनंतर वाढली आणि ते प्रचाराला लागले. जितकं जास्त सोडलेलं, तितकं 'चुकलो' म्हणणं महाग. तुमच्या बहिणीने नोकरी सोडली आहे, आता तुम्हालाही सोडलं आहे. प्रत्येक व्हिडिओ तिला तिथे आणखी घट्ट बसवतो. त्यातून 'घरचे विरोध करतील, हीच परीक्षा' असं तिला आधीच सांगून ठेवलेलं असणार.

ती सज्ञान आहे. पोलिसांत गेलात तरी 'मी स्वखुशीने राहते' असं तिने सांगितल्यावर ते तिला घरी आणू शकत नाहीत. मारहाण, डांबून ठेवणं, औषधं बंद करणं असं काही कळलं तर गोष्ट वेगळी. तिची आधार, पदव्या, पासबुक ही कागदपत्रं कुणाकडे आहेत, एवढं मात्र शोधा. घरी असतील तर नीट ठेवा.

बाकी काय करायचं, ते एका वडिलांकडून मी शिकले. त्यांचा मुलगा असाच गेला होता. ते दर रविवारी पोस्टकार्ड टाकायचे. 'म्हैस व्याली. रेडा झाला. आईच्या गुडघ्याला बरं आहे. तुझ्या सायकलला तेल घातलं.' बाबांचं नाव नाही, 'कधी येतोस' नाही, एक शब्द टोमण्याचा नाही. उत्तर यायचं नाही. ती पत्रं तिथे उघडून वाचली जातात, याची त्यांना खात्री होती, म्हणून तर पोस्टकार्ड. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. अडीच वर्षांनी एका पहाटे फोन आला, 'बाबा, स्टँडवर येता का?' ते स्वेटर घेऊन गेले. घरी आल्यावर महिनाभर कुणी काही विचारलं नाही.

आश्रम सोडताना माणसाला पहिला प्रश्न पडतो तो 'जाऊ कुठे?' त्याचं उत्तर तिच्याकडे तयार असू द्या. तुमच्याकडून तेवढं होण्यासारखं आहे, आणि ते थोडं नाही. आईला मात्र एकदा डॉक्टरांकडे न्या; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : वडिलांनी (वय ७४) फ्लॅट गुरूंच्या ट्रस्टला बक्षीसपत्राने दिला. रद्द करता येईल का?

वडील स्वतः तयार असतील तर लढता येतं. १८७२च्या करार कायद्याचं कलम १६ नेमकं अशाच, एकाच्या मनावर दुसऱ्याचा पगडा असलेल्या नात्यांसाठी आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर १८९०मध्येच असं प्रकरण आलं होतं. एका वृद्धाने परलोकीच्या कल्याणासाठी सगळी मिळकत गुरूला लिहून दिली होती, मग त्याने दावा लावला. न्यायालयाने म्हटलं, शिष्याच्या मनावर गुरूचा पगडा असताना व्यवहार रास्त होता हे गुरूने सिद्ध करावं. अट एवढीच, की उशीर नको. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला साधारणपणे, कारण कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. दिवाणी वकिलाकडे कागद याच आठवड्यात न्या.

पण फ्लॅट त्यांच्या स्वकष्टाचा असेल आणि ते अजूनही समाधानी असतील, तर मुलांच्या नाराजीवर बक्षीसपत्र मोडत नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं आहे.

प्रश्न : तुम्ही विज्ञानवादी लोक नेहमी आमच्याच गुरूंच्या मागे लागता. समर्पण हा तर अध्यात्माचा पाया आहे. गुरूपुढे संमती-बिंमती काय?

तुमचा राग मी समजू शकते. माझ्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे समर्पण मला परकं नाही. हा दोष एका धर्माचाही नाही. सोग्याल रिनपोचे हे पाश्चात्त्य जगात फार मान असलेले तिबेटी बौद्ध गुरू. जुलै २०१७मध्ये त्यांच्या आठ जुन्या शिष्यांनी पत्र लिहून मारहाण आणि लैंगिक शोषण उघड केलं. पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीत त्यातलं बरंचसं खरं निघालं. अमेरिकेत कीथ रानिएरी तर अध्यात्माचं नाव न घेता 'व्यक्तिमत्त्व विकासा'चे वर्ग चालवत होता. त्याला २०२०मध्ये एकशेवीस वर्षांची शिक्षा झाली. गुरूचं वागणं चुकत असेल तर ते चारचौघांत बोलावं, असं खुद्द दलाई लामा वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

तुम्ही कधी वारीत चालला असाल तर आठवा. तिथे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. ज्याच्या पायावर तुम्ही डोकं ठेवलं, तो लगेच वाकून तुमच्या पायाला हात लावतो, तुम्हालाही 'माउली' म्हणतो. दिंडीत मन रमलं नाही तर माणूस पुढच्या वर्षी येत नाही. कुणी त्याला शाप देत नाही. समर्पण तिथेही आहेच. तुमच्या गुरूंकडे कुणी सोडून गेलं तर त्याच्याबद्दल सत्संगात काय बोललं जातं, एवढं मला कळवा.

प्रश्न : एका दहा दिवसांच्या शिबिरात फोन काढून घेतले, तीन-चार तास झोप, सगळ्यांसमोर कबुलीजबाब. शेवटी मला काहीतरी 'दिसलं'. आता भीती वाटते, झोप लागत नाही. पण मी फॉर्मवर सही केली होती.

सही करताना आत काय होणार, हे तुला सांगितलं होतं का? आणि चौथ्या दिवशी 'मला जायचंय' म्हणालास तर बॅग आणि फोन हातात मिळाला असता का? या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर सही होती, संमती नव्हती. दिवसेंदिवस झोप तोडली की धडधाकट माणसालाही भास होतात. १९७०च्या दशकात पुण्यात कोरेगाव पार्कात रजनीशांच्या आश्रमातल्या काही 'एन्काउंटर' गटांत मारामारीपर्यंत मजल जायची. १९७९च्या सुरुवातीला आश्रमानेच ती हिंसा बंद केल्याचं जाहीर केलं. तिथेही माणसं स्वखुशीने जात होती.

झोप आठवडाभरापेक्षा जास्त बिघडलेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. दिसलं त्याचा अर्थ नंतर लावू.

प्रश्न : गुरूंनी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला तीन दिवसांच्या अनुष्ठानाला एकटीला बोलावलंय. बाधा आहे म्हणतात. पाठवू का?

नको. आसाराम प्रकरणातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनाही बाधा आहे असंच सांगितलं होतं. २०१८मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. अठराच्या आत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. गुरूंनी आग्रह धरला तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, आणि मुलीला एकटीला जवळ बसवून विचारा, याआधी कधी काही झालंय का.

प्रश्न : मी सात वर्षांनी बाहेर पडले. त्यांनी दिलेला मंत्र अजून तोंडात येतो. कणीक मळताना, बसमध्ये, कुकरची शिट्टी मोजताना. आला की स्वतःची किळस येते. देव्हाराही बंद केलाय. हा मंत्र जाईल का?

सात वर्षं, दिवसातून शेकडो वेळा. जिभेला वळण पडलं आहे, जाईल हळूहळू. ओढून काढायला गेलात तर जास्त येईल. आला की येऊ द्या, हातातली कणीक मळत राहा.

तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय, की लहानपणी तिन्हीसांजेला आजीबरोबर तुम्ही 'शुभंकरोति' म्हणायचात. ते तुम्हाला कुठल्या महाराजांनी दिलेलं नव्हतं. देव्हारा उघडायचा की नाही, ही घाई नको. एखाद्या संध्याकाळी वाटलं तर आजीचं ते म्हणून बघा. नाही वाटलं तर दिवा लावू नका, चहा करा आणि खिडकीत बसा. कसं वाटलं, ते पुढच्या पत्रात लिहा.