आहार-सल्ला : आठवड्यातला आठवा डबा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण त्यातला प्रश्न लांबणीवर टाकण्यासारखा नाही.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची असून पुण्यात आहारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. सध्या एका रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी आठवड्यातले पाच दिवस मिळून ४० किलोमीटर धावते. पहाटे पाचला तळजाई टेकडीवर असते, आठला वॉर्डात हजर होते, साडेचारला सुटते, मग केस स्टडी लिहिते. रात्री खोलीतल्या दोघी मैत्रिणींचाही स्वयंपाक माझ्याकडेच असतो, कारण पौष्टिक करायला मलाच येते असे त्यांना वाटते. सकाळी एक सफरचंद आणि चहा एवढेच जमते. डबा उघडायला साडेतीन वाजतात. वजन ५२ किलो आहे. दोन महिने पाळी आलेली नाही आणि चढावर पाय उचलत नाहीत. या सगळ्याचा मेळ बसवण्यासाठी धावणे सोडून द्यावे का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना वेळापत्रकाकडे न पाहता फक्त जेवणाकडे पाहिले. तुम्ही धावण्यासाठी वेळ काढला आहे, वॉर्डासाठी काढला आहे, केस स्टडीसाठी आणि मैत्रिणींच्या ताटासाठीही काढला आहे. दिवस अपुरा पडला की जे सर्वांत आधी वगळले जाते, ते तुमचे स्वतःचे जेवण आहे. म्हणून धावणे सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी एक हिशेब करा, जो तुम्ही रोज रुग्णांसाठी करता.

समतल रस्त्यावर धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे, प्रत्येक किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ५२ किलो वजन आणि ४० किलोमीटर म्हणजे आठवड्याला सुमारे २,०८० किलोकॅलरी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० किलोकॅलरी लागतात. तेव्हा धावण्यामुळे तुम्हाला आठवड्यात सातऐवजी आठ दिवसांचे जेवण लागते, आणि टेकडीवरचा चढ व वॉर्डांतली दिवसभराची पायपीट धरली तर त्याहूनही थोडे अधिकच. तुम्ही मात्र बहुधा सहा दिवसांचेच जेवत आहात. हा आठवा डबा आणि गाळलेली जेवणे कुठून तरी भरून काढावी लागतात, आणि ती तुमचे शरीर सध्या तुमच्या हाडांतून, रक्तातून आणि मासिक पाळीतून भरून काढत आहे.

या अवस्थेला खेळाडूंच्या वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली तज्ज्ञांच्या निवेदनातून ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूमधील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता, ही संज्ञा पुढे आणली. व्यायामावर खर्च झालेली ऊर्जा वजा जाता शरीराच्या रोजच्या कामांना पुरेशी ऊर्जा उरली नाही, की शरीर ज्या कामांवाचून काही काळ निभावू शकते ती कामे थांबवते. त्यांत पाळी पहिल्या काही कामांपैकी असते. वजन फारसे उतरलेले नसतानाही हे घडू शकते, आणि म्हणूनच ‘माझे वजन तर ठीक आहे’ या समाधानावर कोणी विसंबू नये. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि त्याबरोबर हाडांचे संरक्षणही कमी होते.

हे मी केवळ वाचलेले सांगत नाही. माझ्या इंटर्नशिपच्या काळात मीही उपाशीपोटी धावत असे. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बटाटा आणि भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायचे म्हणजे पोटॅशियम कमी होते, हे काम मी त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभी राहून मनापासून करत असे. नळीतून द्यायच्या पातळ आहाराचा एकेक मिलिलिटर मोजत असे, आणि माझा स्वतःचा डबा कपाटात दुपारी चारपर्यंत तसाच बंद असे. एका वरिष्ठांनी तर सगळ्यांसमोर माझे कौतुक केले होते, की हिला कामापुढे भूक लागत नाही. त्या हिवाळ्यात नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूला बोटाएवढ्या जागेत दुखू लागले. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, एमआरआयमध्ये सूक्ष्म भेग दिसली. सहा आठवडे धावणे बंद झाले. त्या कौतुकाचा मला आजही राग येतो, कारण जे आम्ही रुग्णाच्या कागदावर ‘अपुरे सेवन’ म्हणून लाल शाईने लिहीत होतो, तेच आमच्यात निष्ठा म्हणून नावाजले जात होते.

म्हणून पहिली गोष्ट वैद्यकीय. तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी न येण्याची इतरही कारणे असतात, ती तपासली गेली पाहिजेत. त्यांना धावण्याचे किलोमीटर आणि जेवणाच्या वेळा दोन्ही स्पष्ट सांगा, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासण्याविषयी विचारा. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो, आणि चढावर पाय न उचलण्यामागे तेही एक कारण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यात धावणाऱ्या स्त्रीचे लोह घामातून आणि पावलांच्या आघाताने फुटणाऱ्या तांबड्या पेशींतूनही थोडे थोडे जात असते. तपासणीचा निकाल येईपर्यंत पाचऐवजी तीन दिवस, तेही सपाट रस्त्यावर आणि सावकाश धावा. नडगी, पाऊल किंवा जांघेत एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, तर अजिबात धावू नका.

दुसरी गोष्ट सकाळची. तळजाईवरून साडेसहाला परतल्यावर तुमचे पहिले खरे जेवण पावणेसातला झाले पाहिजे. थालीपिठाची भाजणी डब्यात तयार असेल तर हे दहा मिनिटांचे काम आहे. भाजणीत कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून रात्रीच चिरून-मापून ठेवा. सकाळी पाणी घालून मळा, ओल्या फडक्यावर थापा, मध्ये बोटाने भोके पाडा, तव्यावर टाकून त्या भोकांत चमचा-चमचा तेल सोडा आणि झाकण ठेवून आंघोळीचे कपडे काढेपर्यंत एक बाजू होते. दोन थालीपिठे, वाटीभर दही आणि शक्य असल्यास दोन उकडलेली अंडी. भाजणीत धान्यांबरोबर डाळीही असल्याने ज्वारीच्या भाकरीपेक्षा प्रथिनांची बाजू बरी असते. ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवशी दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व आणि मूठभर शेंगदाणे. सफरचंद वाईट नाही, पण दहा किलोमीटरनंतर लागते ते सुमारे तीन भाकऱ्यांइतके अन्न, आणि ती जागा एका सफरचंदाने भरत नाही.

प्रथिनांचे सांगायचे तर सर्वसाधारण प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅमची शिफारस आहे, मात्र नियमित दूर अंतर धावणाऱ्यांना १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. तुमच्यासाठी मी दिवसाला ६५ ते ७० ग्रॅम धरीन. त्यासाठी पावडरीचा डबा विकत घेण्याची गरज नाही. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ सुमारे दहा ग्रॅम देते, तीस ग्रॅम शेंगदाणे सात, दोन अंडी बारा-तेरा, पेलाभर दूध साडेसहा. भाकरी-पोळी आणि आमटी उरलेले पुरे करतात. मटकी शुक्रवारी रात्री भिजवली की रविवारी मोड येतात आणि फ्रिजमध्ये बुधवारपर्यंत टिकतात. उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा, कारण चहातील टॅनिनमुळे लोहाचे शोषण घटते.

तिसरी गोष्ट डब्याची. डाएट राउंड, म्हणजे रुग्णांच्या आहाराची वॉर्डातली फेरी, लांबतो, नातेवाईक प्रश्न विचारतात, नवीन रुग्ण दाखल होतो; हे रोजच होणार आहे. तुमच्या प्रशिक्षक आहारतज्ज्ञांना आजारपणाचे सांगून जेवणाची निश्चित वीस मिनिटे मागून घ्या. मागताना संकोच करू नका. ज्या दिवशी तीही हुकतील त्या दिवसासाठी कोटाच्या खिशात राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-फुटाणे असू द्या आणि अकरा वाजता ते खा.

मैत्रिणींच्या स्वयंपाकाविषयी मला थोडे ठाम बोलावेसे वाटते. पौष्टिक स्वयंपाक येणे म्हणजे तो एकटीने करण्याची जबाबदारी नव्हे. कुकरमध्ये वरण-भाताचे डबे लावायला आणि कोशिंबीर चिरायला पदवी लागत नाही. तिघींत वार वाटून घ्या. त्या तुमच्या मैत्रिणी आहेत. हे पत्र त्यांना वाचून दाखवले तरी चालेल.

शर्यतीचे म्हणाल, तर या मोसमातली सोडावी लागली तरी सोडा. इंटर्नशिप काही महिन्यांत संपेल आणि हाफ मॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर पुढच्या वर्षीही तेवढेच असतील. धावणे मात्र सोडू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आठवड्याला थोडे थोडे वाढवत परत या, आणि पाळी नियमित होणे हीच तुमच्या तयारीची पहिली पावती माना.

प्रश्न : माझी मुलगी आहारशास्त्र शिकते आणि धावतेही. तिने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला आहे. कणकेचा गोळा, भात, अगदी चटणीसुद्धा मोजते. तूप बंद केले, पापड-लोणचे बंद केले, आता भातही नको म्हणते. गणपतीत तिने एकही मोदक खाल्ला नाही. मी चुकीचे खाऊ घालत आले का, असे वाटू लागले आहे. — एक आई, नाशिक

उत्तर : तुम्ही चुकीचे खाऊ घातलेले नाही. काटा हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे, कारण रुग्णाने ‘दोन पोळ्या खाल्ल्या’ म्हटल्यावर ती पोळी तीस ग्रॅम पिठाची की पन्नास, हे तिला नजरेने ओळखता यावे लागते. काही महिन्यांनी नजरच काट्याचे काम करू लागते आणि काटा फळीवर जातो. तिला म्हणा, तुझ्या ताटातले मोज, आमच्या ताटातले आम्ही जेवून उठल्यावर बोलू.

पापड-लोणच्याच्या बाबतीत ती बरोबर आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, आणि आपल्याकडे ते याच वाटेने वाढते. भाताच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. धावणाऱ्या मुलीला भात हवाच, वरण आणि चमचाभर तुपासकट.

मोदकाची गोष्ट मला अधिक विचारात टाकते. एका सणाला एक पदार्थ न खाणे यात काही नाही. परंतु ती एकटी जेवू लागली असेल, घरचे काही खाल्ल्यावर अस्वस्थ होत असेल, ताप असतानाही धावायला जात असेल किंवा वजन सतत उतरत असेल, तर हा अभ्यास राहिलेला नाही. अन्नाविषयीची भीती आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही घेरते, आणि ज्ञानाच्या भाषेत बोलत असल्यामुळे ती घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. अशा वेळी वाद न घालता तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत घेऊन जा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून ठाण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. चार वर्षे धावतो, स्वतःचे जेवण स्वतः बनवतो. आठ आठवड्यांचा ऑनलाइन पोषण अभ्यासक्रम करून धावपटूंना आहाराचा सल्ला द्यायला सुरुवात करावी का?

उत्तर : अभ्यासक्रम स्वतःसाठी जरूर करा. सल्ला देण्यासाठी मात्र तो पुरेसा नाही, हे स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे. भारतात नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यासाठी पोषण वा आहारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण व रुग्णालयातील सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. मूळ पदवीचे विषयही पाहिले जातात. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानेही आहारतज्ज्ञांना आपल्या कक्षेत घेतले आहे.

यामागचे कारण वरच्या पहिल्या पत्रात आहे. चार महिने सोबत धावणारी मैत्रीण ‘पाय जड वाटतात’ म्हणाली, तर तुम्ही तिला बीटरूट आणि खजूर सांगाल, आणि ते चुकीचे नसेल. पण पाळीविषयी विचारायला हवे, फेरिटिन तपासायला सांगायला हवे, हे वॉर्डात काम केल्यावर सुचते. खरोखर ओढ असेल, तर नोकरीतून दोन-अडीच वर्षे काढता येतील का, याचा हिशेब घरी बसून करा. तोवर तुमच्या गटाला तुम्ही एक गोष्ट फार चांगली शिकवू शकता : रविवारी दोन तासांत आठवड्याची तयारी कशी करायची. नोकरी सांभाळून स्वतः रांधणारा पुरुष आपल्या मित्रांना उसळ शिकवतो, याचे मोल मला फार वाटते.

प्रश्न : पहाटे धावण्यापूर्वी काही खावे की नाही? खाल्ले तर पोटात दुखते.

उत्तर : पाऊण तासापर्यंतचे सावकाश धावणे असेल आणि रात्री नीट जेवलेले असाल, तर पाणी पिऊन निघाले तरी चालते. त्याहून लांब किंवा वेगाचे धावणे असेल, तर निघण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे अर्धे केळे किंवा दोन खजूर घ्या. दूध आणि तळलेले पदार्थ त्या वेळी टाळा. पोटालाही सवय लागते. पहिला आठवडा एकच खजूर खाऊन पाहा आणि मग दुसरा वाढवा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.