पॉइंट की सोडत? आधी रिकाम्या खुर्च्या मोजा

तुमचा प्रश्न असा: फुटबॉल मॅचची तिकिटं निष्ठेच्या पॉइंटवर (जितक्या मॅचना हजेरी, तितके पॉइंट) द्यावीत की सरळ सोडत काढावी, आणि जुन्या पॉइंटवाल्यांच्या गर्दीत अठरा वर्षांचा नवा चाहता शिरणार कुठून? एका क्लबच्या समर्थक समितीवर असताना मी तिकिटांच्या तक्रारी काही वर्षं वाचल्या आहेत, त्यावरून सांगतो.

पॉइंट पद्धत मुळात चुकीची नाही. टीम सलग हरत असताना भर पावसात ज्यानं घसा कोरडा केला, त्याला फायनलचं तिकीट आधी मिळायलाच हवं. घोळ वेगळाच आहे: तिकिटाला पॉइंट लागतात आणि पॉइंटला तिकीट. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांना 3,000 किंवा स्टेडियमच्या 10 टक्के, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढीच तिकिटं मिळतात. 2016-17 पासून त्यांच्या दरावर 30 पौंडांची मर्यादा आली, मग तर उड्या पडणारच. दर वेळी तीच मंडळी जातात, दर वेळी त्यांचेच पॉइंट वाढतात. काही ठिकाणी पॉइंट काकांच्या नावावर जमा होतात आणि खुर्चीत पुतण्या बसतो. क्लब याला लबाडी म्हणतो, पण क्लबला हवा असलेला तरुण चाहता तोच की! म्हणून माझ्या मते निदान दहावा हिस्सा कमी पॉइंटवाल्यांच्या सोडतीला राखून ठेवावा.

सोडत मात्र अर्जागणिक काढावी, माणसागणिक नाही. बापाचा नंबर लागला, मुलीचा नाही, असं झालं की दोघंही घरी बसतात. कॉलेजची पोरं तर चौघं मिळूनच येतात, चार कोपऱ्यांतल्या चार खुर्च्या त्यांना नकोच असतात.

किंमत हीसुद्धा वाटपाचीच पद्धत आहे, फक्त तसं कुणी कबूल करत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलनं 77 पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा संडरलंडविरुद्ध 77व्या मिनिटाला सुमारे 10,000 प्रेक्षक उठून गेले. तेव्हा लिव्हरपूल 2-0 नं पुढे होतं, मॅच 2-2 सुटली. मालकांनी काही दिवसांतच माफी मागून बेत गुंडाळला. उलट जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या 81,000 क्षमतेच्या स्टेडियममध्ये दक्षिणेच्या एकाच स्टँडवर सुमारे 25,000 लोक उभे राहून मॅच बघतात, तेही स्वस्तात. पोरांची तिकिटातली सवलत संपते ती नेमकी हातात पगार नसतानाच, तेव्हा दराचा मधला टप्पा हवाच.

पण माझा खरा राग रिकाम्या खुर्च्यांवर आहे. बाहेर ‘सर्व तिकिटं संपली’ची पाटी आणि आत शेजारच्या तीन खुर्च्या मोकळ्या, कारण मॅच बुधवारी रात्री आणि समोरचा संघ किरकोळ. बार्सिलोनानं यावर सरळ उपाय केला: सीझन तिकीटवाला (सबंध सीझनची खुर्ची आधीच घेतलेला) सभासद येणार नसेल तर तो जागा क्लबला परत करतो, क्लब ती विकतो आणि पैशातला वाटा त्याला मिळतो. अशा सुटलेल्या जागा आधी एकवीस वर्षांखालच्यांना अर्ध्या दरात द्याव्यात, जुन्यांचं काडीचं नुकसान होत नाही. जो वर्षभर ना येतो ना जागा सोडतो, त्याचं सीझन तिकीट पुढच्या वर्षी प्रतीक्षायादीला जावं. आजारपण, बाळंतपण अर्थातच वगळून.

पुढच्या बैठकीत पॉइंट-सोडतीच्या वादात पडू नका. विकली गेलेली किती तिकिटं गेल्या सीझनला गेटवर स्कॅनच झाली नाहीत, एवढंच विचारा. तो आकडा क्लबकडे असतोच.