एफडी मोडू की लोन घेऊ? नाताळच्या खर्चाबद्दल वसईच्या एका ताईंना उत्तर

निर्मळच्या बाजूच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. घरात १४ माणसं. सासू-सासरे, वाडी बघणारे मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं, ताई, मिस्टर, मुलगी, मुलगा, मग जहाजावर असलेले धाकटे दीर, त्यांची बायको आणि लहान बाळ, आणि नर्स असलेली नणंद. धाकटे दीर तीन वर्षांनी पहिल्यांदाच नाताळला घरी असणारेत, २२ डिसेंबरला पोचतील, म्हणून यंदाचा, २०२५ चा सण जोरात करायचं ठरलंय. अंदाज निघालाय २,३५,००० रुपयांचा. त्यात घराला आतून-बाहेरून रंग १,२०,०००, सगळ्यांचे कपडे ४५,०००, फराळ आणि २५ तारखेचं चाळीस माणसांचं जेवण ३८,०००, भेटवस्तू २०,०००, गोठा (येशूजन्माचा देखावा)-चांदणी-लायटिंग १२,०००. ताई शाळेत शिकवतात, मिस्टर चर्चगेटला नोकरीला. ताईंच्या नावावर ३ लाखांची एफडी आहे, ७.१ टक्क्यांनी, जून २०२६ ला पिकणारी, आणि ती ठेवलीये मुलीच्या नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी. बँकेचा पर्सनल लोनसाठी फोन येऊन गेलाय, १४ टक्के, दोन वर्षं. प्रश्न एवढाच, एफडी मोडू की लोन घेऊ.

ताई, दोन्ही नको. पण का नको ते आकड्यांनीच सांगते, कारण घरात तुम्हाला हे बोलावं लागणारे.

आधी लोन. २,३५,००० रुपये १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता बसतो साधारण ११,२८० चा. व्याजच जातं ३५,८०० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी २ टक्के धरली तर ४,७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण एक्केचाळीस हजार फक्त उसने घेतले म्हणून. आणि हप्ते जानेवारीत सुरू झाले की २०२६ चा नाताळ येईल तेव्हा अजून बारा हप्ते शिल्लक असतील, म्हणजे गेल्या सणाचं फेडता फेडता पुढचा सण दारात.

आता एफडी. दीड वर्षात मोडली की बँक ७.१ देत नाही, दीड वर्षासाठी त्या वेळी जो दर होता तो देते आणि वर बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का कापते. समजा हातात ५.८ टक्के पडले तर तुमचं नुकसान होतं जेमतेम सहा हजारांचं. म्हणजे नुसता हिशोब बघितला तर एफडी मोडणं लोनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि मिस्टर तेच म्हणत असतील तर त्यांचं गणित चुकलेलं नाहीये. पण जूनपासून अ‍ॅडमिशनची धावपळ सुरू झाली की फी, होस्टेल, युनिफॉर्म, डिपॉझिट हे सगळं एकदम उभं राहतं आणि तेव्हा हातात ३ लाखांच्या जागी साठ-सत्तर हजार असतील तर लोन तेव्हा घ्यावंच लागेल, तेही घाईत आणि मिळेल त्या दराने. ती एफडी तुमच्या नावावर असली तरी पैसे मुलीचे आहेत. सण १४ जणांचा आहे, तो एका मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीमधून करायचा नाही, यावर मी ठाम आहे.

आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की घरात कमावते हात इतके असून प्रश्न तुम्ही एकट्या विचारताय. पगाराची स्लिप आहे, बँक लोन देते, म्हणून सगळं तुमच्याकडे सरकलंय. हे भांडायला सांगत नाहीये, पण खर्च घराचा आहे तर घराने बसून वाटून घ्यायला हवा.

त्याआधी यादी जरा सैल करू. बाहेरचा रंग आत्ता नकोच. पावसाळ्यात भिंतींनी पाणी प्यायलेलं असतं, नाताळच्या तोंडावर पेंटर मिळत नाहीत, मिळाले तर घाईघाईने एक हात मारून जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंती खडखडीत वाळलेल्या असतात तेव्हा आरामात करा, तेही पैसे जमले तर. आत्ता फक्त हॉल आणि पडवी, २५,००० मध्ये बसेल. कपडे ज्याचे त्याने घ्यायचे, कॉमन खर्चात धरायचेच नाहीत. भेटवस्तू फक्त मुलांना आणि सासू-सासऱ्यांना, ८,०००. गोठ्याचे १२ चे ७ करा. पोरं नाराज होतील असं वाटतं पण होत नाहीत, धबधब्याची मोटर आणि रंग बदलणारे दिवे कमी केले तरी शेतातला पेंढा, बांबूची चांदणी, आणि ट्रेमध्ये गहू-नाचणी पेरून उगवलेली हिरवळ याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आधीचे आठवडे, ३० नोव्हेंबरला सुरू होतोय, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं की २४ पर्यंत छान वर येतं.

जेवण आणि फराळाच्या ३८,००० ला मात्र मी हात लावणार नाही. त्यातच खरा सण आहे. कलकल, म्हणजे नाताळचा गोड तळलेला फराळ, वळायला संध्याकाळी सगळ्या जणी ताट घेऊन बसतात, एक पीठ मळतेय, एक काट्याच्या पाठीवर गोळी दाबून गुंडाळतेय, सासूबाई करंजीची कड दुमडतायत, पोरं येता-जाता कच्चं पीठ तोंडात टाकतायत, हे तयार डबे आणून होत नाही आणि तयार डबे महागही पडतात. केकचे मनुके-बेदाणे अजून रममध्ये भिजत घातले नसतील तर या आठवड्यात घाला, आणि मैदा-साखर-काजू होलसेलमध्ये एकदमच उचला. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर केक कापतात ना, तिथे काटकसर नको. तीन वर्षांनी माणूस घरी येतोय.

तर कॉमन खर्च झाला ३८ + २५ + ८ + ७, म्हणजे ७८,०००. वाटणी समान करू नका, ऐपतीप्रमाणे करा. धाकटे दीर ३२,०००, तुमचं घर १८,०००, मोठे दीर १५,०००, नणंद ८,०००, सासरेबुवांना द्यायचेच असतील तर ५,०००, आणि ते देतीलच, त्यांना नाही म्हणू नका. मोठ्या दिरांच्या १५ मध्ये वाडीतले नारळ, केळी, भाजी यांचे सहाएक हजार धरा. वाडीतून आलेलं फुकटात धरलं की त्या माणसाने काहीच दिलं नाही असं दिसतं, आणि मग जाऊबाईंच्या मनात वर्षभर राहतं.

अडचण एकच, धाकट्या दिरांचा वाटा ते २२ ला आल्यावरच मिळणार आणि किराणा तर आधी भरायचा. आधी त्यांना मेसेज करून विचारा, जहाजावरूनही पैसे घरी पाठवता येतात. नसेल जमत तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढी उचल. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि जेवढे दिवस जेवढे पैसे वापरले तेवढ्याचंच. ३२,००० महिनाभर वापरले तर अडीचशेच्या आत व्याज. दीर आले की लगेच भरून टाका, एफडी जशीच्या तशी जूनपर्यंत चालू राहते.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीये, लग्नं. आगमनकाळात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातही नाहीत, २०२६ ला तो ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला येतोय, म्हणजे नाताळनंतरच्या सात-आठ आठवड्यांत गावातली सगळी लग्नं कोंबलेली असतात. आहेर, साड्या, पार्लर, रोज संध्याकाळी रिक्षा. नाताळची खरेदी क्रेडिट कार्डवर केली असेल तर त्याचं बिल बरोबर याच लग्नांच्या मध्यात येतं, आणि पूर्ण भरलं नाही की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागायला सुरुवात. म्हणून कार्ड या दीड महिन्यात कपाटात ठेवा, आणि नाताळचे कपडे असे घ्या की जानेवारीच्या लग्नात पुन्हा घालता येतील. लग्नांसाठी तुमच्या घरापुरते निदान २५,००० वेगळे काढून मग १८,००० चा शब्द द्या.

बोलणी मात्र मिस्टरांनी त्यांच्या भावांशी करावीत, तुम्ही नाही. सुनेने हिशोब मांडला की तो टोमणा वाटतो, मुलाने मांडला की हिशोब वाटतो, हे बरोबर नाहीये पण आत्ता नोव्हेंबरमध्ये ते बदलत बसायला वेळ नाही. येत्या रविवारी मिस्सानंतर सगळे घरी असतानाच करा आणि आकडे एका वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वर्षीसाठी जानेवारीत पाचही जणांचे मिळून महिना ७,००० ची आरडी (दर महिन्याला हप्त्याने भरायची ठेव) काढा, अकरा महिन्यांची. सहा-साडेसहा टक्के व्याज धरलं तर डिसेंबरच्या सुरुवातीला एकोणऐंशी हजारांच्या आसपास हातात येतील. पोस्टाची आरडी यासाठी नको, ती पाच वर्षांची असते. जाऊबाई म्हणतायत ती गावची भिशी पण नको, एक जण जरी मधे थांबला तरी वसूल कुठून करणार. आणि पतपेढीत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून जात असाल तर एवढं बघा की ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या पैशाला असतो, सहकारी बँक असली तरी, पतपेढीला नसतो. खातं सासूबाई आणि तुमच्या जॉइंट नावावर ठेवा, हप्त्याची तारीख ७ घ्या म्हणजे सगळ्यांचे पगार झालेले असतात, आणि धाकट्या दिरांचा वाटा त्यांच्या बायकोच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप जाईल असं ते परत जहाजावर जायच्या आधीच बँकेत जाऊन करून घ्या.