पोलिसांनी वय १९ लिहिलं, पोरगा जेलमध्ये आहे, आता काय करू?

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातली. माझ्या मुलाला मोटारसायकल चोरीच्या केसमध्ये धरलंय, सोबतचा मित्र २२ वर्षांचा आहे. मुलाला १८ पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत, पण कागदावर १९ लिहून कोर्टात उभं केलं आणि आता तो मोठ्या जेलमध्ये आहे. नववीत शाळा सुटली त्यामुळे दहावीचं काही नाही. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. ओळखीचे एक जण म्हणाले गुन्हा कबूल करून टाका, लगेच सुटेल. आणि दोन महिन्यांनी तो १८ चा झाला की मग काय? – एक आई

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगते म्हणजे जिवाला जरा बरं वाटेल. केस चालू असताना तो १८ चा झाला तरी फरक पडत नाही, बघतात ते घटनेच्या दिवशीचं वय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ च्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवताच येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे १८ च्या आतल्या मुलांच्या केसेस बघणाऱ्या वेगळ्या मंडळापुढे, न्यावं लागतं. एक आकडा चुकीचा लिहिला जातो आणि पोरगं मोठ्या आरोपींच्या बराकीत जातं, याचा मला फार राग येतो.

उद्याच तो पहिली-दुसरीत ज्या शाळेत होता तिथे जा. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका, जन्मतारखेचं सर्टिफिकेट आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागा, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का पाहिजे. शाळेचं नाहीच मिळालं तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला चालतो, आणि दोन्ही नसेल तरच वय ठरवायला हाडांची टेस्ट. त्या टेस्टमध्ये वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात म्हणून कागदासाठी जिवाचं रान करा. आधारवर विसंबू नका, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय.

तो कागद लावून ज्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं तिथेच अर्ज द्यायचा, की मुलगा अल्पवयीन आहे. हा अर्ज कधीही देता येतो, निकाल लागून गेल्यावरसुद्धा, पण तुम्ही एक दिवसही थांबू नका. वय मान्य झालं की केस मंडळाकडे जाते आणि त्या मित्राची केस वेगळी चालते.

वकील फुकट मिळतो, हा तुमच्या मुलाचा हक्क आहे, उपकार नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज करा नाहीतर १५१०० ला फोन लावा. वकील मिळाला की एवढा आग्रह धरा की त्याने मुलाला समोरासमोर भेटावं आणि त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकावं. फाईल वाचून तारखेला उभं राहणं म्हणजे वकिली नव्हे, त्या रात्री गाडी कोणी आणली, पोराला काय सांगून मागे बसवलं, मारहाण झाली का, हे पोरगं भरल्या खोलीत बोलत नाही.

जामिनाचं म्हणाल तर मंडळात जामीन हाच नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला धोका होईल किंवा न्यायालाच बाध येईल असं दिसलं तरच नाकारतात, आणि जामीनदार मिळाला नाही तरी परिविक्षा अधिकाऱ्याच्या (सुटलेल्या मुलावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली सोडता येतं. ते अधिकारी घरी चौकशीला येतील, त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, तो घरी आल्यावर काय काम करेल, कोण लक्ष देईल ते सांगा, मंडळ तो रिपोर्ट वाचतं.

कबुलीचा सल्ला अजिबात ऐकू नका. मंडळ समज देऊन घरी सोडू शकतं हे खरं, पण न केलेला गुन्हा स्वतःच्या तोंडाने अंगावर का घ्यायचा? आणि पुढे सरकारी भरतीत अडेल अशी भीती कोणी घातली असेल तर, मंडळासमोर निकालात निघालेल्या अशा केसमुळे पुढे नोकरीला अपात्र ठरवता येत नाही.

गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो किंवा नाव फिरत असेल तर स्क्रीनशॉट काढून वकिलाला द्या. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.