चीनमधल्या घरमंडळ्या फॉरेनच्या पैशावर चालतात का?

प्रश्न: ताई, माझा भाचा कंपनीच्या कामाने ग्वांगझूला असतो. तो म्हणतो तिथे बरेच ख्रिस्ती लोक कुणाच्या तरी फ्लॅटवर जमून उपासना करतात, बोर्ड नाही काही नाही. सरकार चर्च चालूच देत नाही का? आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात हे सगळं फॉरेनचं काम. खरं काय?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर: चर्च आहेत की, क्रॉस लावलेली, रविवारी भरलेली, पण ती 1954 मध्ये उभ्या राहिलेल्या सरकारमान्य ‘थ्री-सेल्फ’ चळवळीतली. पाळक कोण असावा हे सरकारने ठरवायचं नाही असं ज्यांना वाटतं ते घरी जमतात, त्याच या घरमंडळ्या. बीजिंगचे पाळक वांग मिंगदाओ ‘थ्री-सेल्फ’मध्ये गेले नाहीत म्हणून 1955 ला तुरुंगात गेले, मधे थोडे बाहेर आले, पुन्हा आत, कायमचे सुटले ते 1980 ला! 1966 नंतर माओच्या सांस्कृतिक क्रांतीत तर सरकारमान्य चर्चलाही कुलपं लागली, मग घराशिवाय जागा उरलीच कुठे.

आता काकांचं. ट्रू जीझस चर्च 1917 ला बीजिंगमध्ये चिनी माणसांनीच काढलं, गोऱ्या मिशनऱ्यांना बाजूला ठेवून. आणि त्याच 1917 मध्ये आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक अमेरिकन मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ ही मिशनबाहेरची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढत होते, म्हणजे मिशनच्या छत्रीखालून बाहेर पडायची ओढ दोन्हीकडे होती. उलट गंमत अशी की स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार हे जे ‘थ्री-सेल्फ’ सरकार मिरवतं ते मूळ हेन्री व्हेन या इंग्रजाने मांडलेलं, आणि तो सेक्रेटरी होता त्याच चर्च मिशनरी सोसायटीचा जिने तुमचं शरणपूर वसवलं. फॉरेनचं नक्की काय ते काकांनाच विचारा :)

लपूनछपून सगळं चालतं असंही नाही. बीजिंगच्या शोउवांग या घरमंडळीने वर्गणी काढून ऑफिस बिल्डिंगमध्ये अख्खा मजला घेतला, पैसे भरले, पण वरून दबाव आल्यावर चावीच मिळेना, म्हणून 2009 च्या नोव्हेंबरात लोक बर्फात पार्कमध्ये उभं राहून गायले. पझेशन अडकणं आपल्याकडेही कळतं, पण हे वेगळंच. 2018 च्या धर्माबाबतच्या नव्या सरकारी नियमांनंतर पकड अजून घट्ट झाली, चेंगडूच्या अर्ली रेन या घरमंडळीचे पाळक वांग यी यांना 2019 ला 9 वर्षांची शिक्षा झाली.

भाच्याला सांगा, कुणी बोलावलं तरी आधी त्यांनाच विचार की परदेशी माणूस आल्याने तुम्हाला त्रास होईल का, आणि फोटो काढून वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सॲपच) तर अजिबात टाकू नकोस. तो परत येईल, चौकशी घरमालकाची होईल.